जुन्या तुळयांचे रांगडे रूप : यंत्राने काय काढावे आणि कुठे थांबावे

पुणे-नाशिकच्या पेठांतील वाडे, अहमदाबादच्या पोळांतील घरे किंवा तमिळनाडूतील चेट्टिनाडच्या हवेल्या उतरवल्या जातात, तेव्हा विटा आणि माती भरावात जातात. लाकूड मात्र सहसा वाया जात नाही. तुळया, खांब, चौकटी आणि कड्या जुन्या लाकडाच्या वखारीत पोहोचतात आणि तेथून कुणाच्या नव्या घराच्या छतात, उपाहारगृहाच्या दर्शनी भागात, शेतघराच्या ओसरीत किंवा जेवणाच्या टेबलात त्यांचा दुसरा जन्म होतो. या लाकडाला गुळगुळीत पॉलिश नको, त्याचे वय दिसले पाहिजे, अशी आज अनेक ग्राहकांची मागणी असते. सजावटीच्या व्यवसायात त्याला ‘रस्टिक फिनिश’ म्हणतात. मराठीत त्याला रांगडे रूप म्हणता येईल.

पूर्वी हे काम हाताने, तारेचा ब्रश आणि पटाशी वापरून होत असे आणि एका तुळईला दोन-तीन दिवस सहज लागत. हँड ग्राइंडर, फिरता ब्रश आणि सँडर यांमुळे तेच काम काही तासांवर आले आहे. वेग वाढला, तशी चुकांची व्याप्तीही वाढली. शंभर वर्षांचे लाकूड यंत्राखाली काही मिनिटांत नवे दिसू लागते आणि मग त्याला पुन्हा जुने दाखवण्यासाठी ठोकाठोक करावी लागते. यंत्र लाकडाला वय देऊ शकत नाही; असलेले वय ते उघडे करू शकते किंवा पुसून टाकू शकते. या कामातील सारे कौशल्य कुठे थांबावे हे ओळखण्यात आहे. आणि या कामातून उडणारी धूळ कुणाच्या छातीत जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

वय नेमके कुठे असते?

जुन्या लाकडाचा गडद, खोल रंग हा त्याच्या पृष्ठभागावर प्रकाश, हवा, धूर आणि हाताळणी यांनी अनेक दशके केलेल्या संस्काराचा परिणाम असतो. सूर्यप्रकाशाने लाकडातील लिग्निन हा घटक विघटित होतो. घरातील चुलीचा धूर, दिव्याची काजळी आणि तेलाचे हात यांचा थर त्यावर चढतो. हा रंगबदल बहुधा एका मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीपर्यंत असतो. त्याच्या खाली ताज्या लाकडाचाच रंग आढळतो. जाड दाण्याचा पॉलिश पेपर लावलेला ग्राइंडर हा थर काही क्षणांत उतरवतो.

वयाची दुसरी खूण हत्यारांच्या उमटलेल्या ठशांत असते. वाकसाने तासलेल्या तुळईवर उथळ, शिंपल्यासारखे खळगे एकाआड एक दिसतात. दोन माणसांनी वर-खाली ओढलेल्या मोठ्या करवतीने चिरलेल्या लाकडावर जवळजवळ सरळ, किंचित तिरक्या आणि असमान अंतराच्या रेघा असतात. गोल करवतीच्या कारखान्यात कापलेल्या लाकडावर त्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या दिसतात. हाताने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांची भोके आणि कारखान्यातील गोल तारेच्या खिळ्यांची भोकेही वेगळी ओळखू येतात. सांध्याच्या खोबणीजवळ सुतारांनी जोडणीसाठी कोरलेल्या खुणा काही वेळा सापडतात. तुळई कशी आणि साधारण कोणत्या काळात घडली, याची ही कागदपत्रेच होत. चपट्या सँडरखाली ती सर्वांत आधी नाहीशी होतात.

तिसरी खूण झिजेची असते. पावसाचा मारा लागलेल्या बाजूला लाकडातील मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण भाग उंचवट्यासारखा उरतो. रांगड्या रूपाचा पाया हाच आहे. फिरत्या तारेच्या ब्रशने केले जाणारे काम म्हणजे निसर्गाच्या याच झिजेची वेगवान आवृत्ती होय.

लाकूड ओळखल्याशिवाय यंत्र उचलू नये

झाडाच्या प्रत्येक वार्षिक वलयात दोन थर असतात. वाढीच्या हंगामाच्या आरंभी तयार झालेला थर सैल आणि तुलनेने मऊ असतो. हंगामाच्या अखेरीस तयार झालेला थर घट्ट आणि कठीण असतो. या दोहोंतील फरक जितका मोठा, तितका तारेच्या ब्रशचा परिणाम उठावदार होतो.

देवदार आणि चीड या सूचिपर्णी वृक्षांत हा फरक ठळक असतो. त्यामुळे हिमालयाच्या पायथ्याकडून येणाऱ्या जुन्या तुळया ब्रशखाली लवकर नक्षीदार होतात. किंबहुना जरा अधिक दाब पडला, तर खोल चर पडून लाकूड विद्रूप होते. साग हा पानझडी वृक्ष. कोरड्या ऋतूनंतर तो वाढू लागतो, तेव्हा वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग तयार होते. ब्रशने ही छिद्रे मोकळी होतात आणि रेषांना धार येते. तथापि देवदारासारखे खोल चर सागात पडत नाहीत, आणि पाडण्याचा प्रयत्नही करू नये. साल वृक्षाच्या लाकडात छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात आणि तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यावर ब्रश फिरवल्यास पोत उठण्याऐवजी तंतू उचकटतात. कोकणातील जुन्या घरांत आढळणारे फणसाचे लाकूडही एकसारख्या पोताचे असते. अशा लाकडाचे सौंदर्य त्याच्या रंगात आणि तासणीच्या खुणांत आहे. तेथे साधी सफाई आणि तेल पुरेसे ठरते.

तुळईच्या न दिसणाऱ्या टोकाशी किंवा मागील बाजूस वीतभर जागेत आधी नमुना करून पाहावा. हा नमुना तेल लावून, वाळवून, मगच पुढचा निर्णय घ्यावा; कोरडे लाकूड आणि तेल प्यायलेले लाकूड यांच्या रंगात मोठे अंतर असते.

यंत्रापूर्वीची चार कामे

पहिले काम धातू शोधण्याचे. जुन्या तुळईत खिळे, मेखा, हुक, विजेच्या तारांच्या पट्ट्या आणि तुटलेले स्क्रू हमखास असतात. लाकडाच्या आत तुटून बसलेला खिळा नजरेला दिसत नाही. त्याभोवती काळसर डाग मात्र असतो. लोहचुंबक किंवा हाती धरण्याचा धातुशोधक तुळईच्या चारही बाजूंवर फिरवून प्रत्येक जागा खडूने खुणावी. खिळा पहारीने उपटण्यापूर्वी तिच्याखाली लाकडाची चपटी पट्टी ठेवावी, अन्यथा पहारीच्या टोकाचा नवा खड्डा तुळईवर कायमचा राहतो. न निघणारा खिळा लोखंडी टोच्याने आत ठोकून ठेवावा. विजेच्या रंध्याचे पाते खिळ्यावर आपटले, तर पाते तुटतेच; शिवाय त्याचे तुकडे वेगाने उडतात.

दुसरे काम जुन्या रंगाची तपासणी. जुन्या तेलरंगांत शिशाचे प्रमाण मोठे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या चौकटी आणि तुळयांना हे बंधन नव्हते. शिशाच्या संपर्काची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. म्हणून रंगाचा थर असलेल्या जुन्या लाकडावर थेट ग्राइंडर किंवा ज्योत वापरू नये. ज्योतीने शिशाची वाफ होते, ग्राइंडरने धूळ. रंग काढणारे रसायन लावून, थर ओला ठेवून, पात्याने खरवडणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. निघालेला चिखल घरातील कचऱ्यात किंवा बागेत टाकू नये.

तिसरे काम किडीचे. लाकडावरील बारीक गोल छिद्रांतून पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर भुंगेऱ्यांच्या अळ्या आत जिवंत आहेत असे समजावे. छिद्रे कोरडी, काळपट आणि भुग्याविना असतील, तर प्रादुर्भाव बहुधा जुना असतो. टोकदार टोच्या विनासायास आत घुसत असेल, तर तो भाग पोकळ झालेला आहे. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण गाभ्याबाहेरच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे पाण्यातील द्रावण ही घराच्या आत वापरायच्या लाकडासाठी प्रचलित उपाययोजना आहे. पावसात ते धुऊन जाते, त्यामुळे उघड्यावरील लाकडासाठी ते उपयोगी नाही. ही प्रक्रिया ब्रशच्या कामानंतर करावी. आधी केल्यास द्रावण मुरलेला थरच ब्रशने निघून जातो आणि त्याची धूळ हवेत मिसळते.

चौथे काम वाळवण्याचे. पाडकामाच्या जागी पावसात पडलेली तुळई थेट कामाला घेऊ नये. ओल्या लाकडाचे तंतू कापले जात नाहीत, ते लोकरीसारखे उभे राहतात. लाकूड किती कोरडे असावे, हे प्रदेशावर अवलंबून असते. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केलेले आहेत. कोकणात मुरलेले लाकूड राजस्थानात नेले, तर ते आक्रसते आणि त्याला भेगा पडतात. शक्य असल्यास तुळई जेथे बसवायची, त्याच हवेत काही आठवडे, खाली पट्ट्या ठेवून, सावलीत मांडून ठेवावी.

ज्यावर यंत्र लावूच नये

काही लाकडे रांगड्या रूपासाठी आकर्षक वाटतात. परंतु त्यांच्यावर यंत्र चालवणे धोक्याचे असते. लोहमार्गावरील जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात भिजवलेले असत. ते घासले, की विषारी धूळ उडते आणि उन्हात तापले, की तेल पाझरते. घराच्या आत त्यांना स्थान नसावे.

तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने टिकाऊ केलेले लाकूडही तसेच. ही प्रक्रिया भारतातच शोधली गेली. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये ती विकसित केली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. खांब आणि उघड्यावरील बांधकामात या लाकडाने मोठी सेवा केली. मात्र ते घासले, की आर्सेनिक धुळीत येते. जुन्या लाकडाला हिरवट छटा असेल, तर ते बाजूला ठेवावे. जळणासाठीही ते वापरू नये.

तिसरा वर्ग वारशाचा. पुण्यातील विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात दिसते तसे कोरीव लाकूडकाम, सुरूचे नक्षीदार खांब, हस्तांवरील फुले-पोपट यांना फिरता ब्रश लावणे म्हणजे कोरीवकाम बोथट करणे होय. तेथे मऊ केसांचा ब्रश आणि संयम हीच साधने. संरक्षित स्मारकातील कोणत्याही भागाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना हात लावता येत नाही. शहराच्या वारसा यादीत असलेल्या इमारतींसाठीही महापालिकेच्या नियमांची विचारणा आधी करावी.

तारेचा ब्रश कसे काम करतो

या कामासाठी बाजारात सर्वाधिक दिसणारे यंत्र म्हणजे शंभर मिलिमीटर चकतीचा हँड ग्राइंडर. लोखंड आणि फरशी कापण्यासाठी बनवलेल्या या यंत्राचा बिनभार वेग मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्यांचा असतो. लाकडासाठी हा वेग फार जास्त आहे. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या तारा लाकूड झिजवण्याऐवजी भाजतात आणि तपकिरी-काळे पट्टे उमटतात. वेग कमी-अधिक करण्याची सोय असलेला ग्राइंडर घेऊन तो खालच्या टप्प्यावर चालवणे अधिक योग्य. ब्रशवर छापलेली कमाल वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असलीच पाहिजे; ती कमी असेल, तर तारा सुटून गोळीसारख्या उडतात.

रुंद तुळयांसाठी आडव्या रुळासारखा ब्रश असलेले यंत्र सोयीचे ठरते. त्याचा वेग ग्राइंडरच्या तुलनेत बराच कमी असतो, ब्रश तुळईवर सपाट बसतो आणि पट्टा एकसारखा उमटतो. वाटीसारख्या ब्रशने मात्र कडेला जास्त दाब पडून चंद्रकोरीसारखे ओरखडे उठतात. किंमत जास्त असल्याने हे यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याचा पर्याय काही शहरांत उपलब्ध असतो.

तारेची निवडही महत्त्वाची. साध्या पोलादी तारेचे सूक्ष्म कण लाकडात अडकतात. टॅनिन असलेल्या लाकडाला पुढे ओल लागली, की त्या कणांभोवती निळे-काळे ठिपके पडतात. सागासाठी स्टेनलेस पोलादाची किंवा पितळी तार बरी. त्यानंतरच्या टप्प्यात घर्षकाचे कण मिसळलेल्या नायलॉन धाग्यांचा ब्रश वापरावा. तो खड्डे पाडत नाही. तारेने उभे केलेले तंतू मात्र कापून टाकतो.

प्रत्यक्ष क्रम

सुरुवात कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राने करावी. पाण्याचा जोरदार फवारा टाळावा. त्याने माती निघते, पण लाकूड भिजून फुगते आणि वाळण्यासाठी पुन्हा अनेक दिवस जातात.

तुळई कमरेच्या उंचीच्या दोन भक्कम घोड्यांवर ठेवून शिकंज्याने घट्ट धरावी. ब्रश सतत लाकडाच्या रेषांच्या दिशेने, लांब आणि सावकाश फिरवावा. आडव्या दिशेने फिरवलेल्या ब्रशचे ओरखडे तेल लावल्यावर ठळक दिसतात आणि ते काढण्यासाठी जुना थरच काढावा लागतो. यंत्राच्या वजनाइतकाच दाब पुरेसा असतो. एका जागी यंत्र थांबवू नये.

कडेपाशी विशेष दक्षता घ्यावी. फिरत्या तारा कडेवरून बाहेरच्या बाजूस सुटतील, अशा रीतीने ब्रश धरावा. तारा बाहेरून येऊन कडेवर आदळत असतील, तर यंत्र हिसका देऊन कामगाराच्या अंगावर येते आणि कडेचा कपचाही उडतो. अणकुचीदार कडा ग्राइंडरने गोल करण्याचा मोह टाळून त्या हाताच्या रंध्याने किंवा कानशीने हलक्या मोडाव्यात. जुन्या तुळईच्या कडा वापराने असमान झिजलेल्या असतात. यंत्राने केलेली एकसारखी गोलाई लगेच कृत्रिम वाटते.

तारेच्या एका फेरीनंतर थांबावे, धूळ झटकावी आणि ओल्या फडक्याने एक वीत जागा पुसून पाहावी. रेषा स्पष्ट दिसत असतील आणि वाकसाच्या खुणा शाबूत असतील, तर काम झाले असे समजावे. त्यानंतर नायलॉन ब्रशची एक फेरी आणि हाताला लागणाऱ्या जागी तेवढा १२० किंवा १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर हाताने फिरवावा. सँडर लागलाच, तर तो नव्याने कापलेल्या टोकांपुरता वापरावा.

खोटे वय

नव्या लाकडाला जुने दाखवण्यासाठी साखळीने मारणे, खिळ्यांची भोके पाडणे, ग्राइंडरला करवतीच्या साखळीसारखी चकती लावून खळगे कोरणे, असे प्रकार प्रचलित आहेत. यातील शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा. ती चकती लाकडात अडकून यंत्र उलट उसळते आणि हात-मांडीच्या गंभीर जखमा होतात. जुन्या तुळईच्या बाबतीत तर हा खटाटोप अनावश्यकच आहे. यंत्राने पाडलेले खळगे समान अंतरावर आणि समान खोलीचे येतात. वाकस चालवणाऱ्याचा हात मात्र दमतो, गाठ आली की वळतो, पुन्हा सावरतो. ही असमानता हीच हस्तकामाची सही असते. ती नसलेल्या ठिकाणी नक्कल करण्यापेक्षा साधा पृष्ठभाग अधिक प्रामाणिक दिसतो.

नव्याने कापलेले टोक फिकट दिसत असेल, तर त्यावर लोखंडी लोकर व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवून केलेले द्रावण पातळ करून लावता येते. त्यातील लोह लाकडातील टॅनिनशी संयोग पावून करडा-काळा रंग देते. नमुना न करता हे द्रावण वापरू नये. प्रत्येक लाकडावर छटा निराळी येते.

तुळई भार वाहणार असेल तर

सजावटीपुरती तुळई आणि छताचा भार वाहणारी तुळई यांत मूलभूत फरक आहे. आडव्या तुळईची वाकण सोसण्याची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात बदलतो. उदाहरणार्थ, २०० मिलिमीटर उंचीच्या तुळईचे वरून आणि खालून प्रत्येकी १० मिलिमीटर लाकूड रंध्याने काढले, तर उंची केवळ दहा टक्क्यांनी घटते. ताकद मात्र सुमारे १९ टक्क्यांनी आणि ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. तारेच्या ब्रशने जाणारे एक-दोन मिलिमीटर त्या मानाने किरकोळ होत. तुळईला सरळ करण्यासाठी यंत्रावर तासून घेण्याची प्रथा म्हणूनच घातक ठरू शकते.

खालच्या बाजूला जुनी खोबण, मोठी गाठ किंवा आरपार भेग असेल, तर धोका वाढतो, कारण भाराखाली तुळईच्या खालच्या भागावर ताण येतो. अशी तुळई पुन्हा छतात बसवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याकडून तपासून घ्यावी. भिंतीत बसणारी टोके ओलाव्याने आतून कुजलेली असण्याची शक्यता असते; त्यांवर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत नाद येत असेल, तर लाकूड भरीव आणि बद्द आवाज येत असेल, तर आत पोकळी.

तेल आणि मेण

रांगड्या रूपाला चकचकीत लॅकर मानवत नाही. उठावदार रेषांवर तो प्लास्टिकसारखा चमकतो. उकळलेले जवसाचे तेल पातळ करून दोन-तीन हात लावावे, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने न मुरलेले तेल पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्यावर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ थर द्यावा. कोकण, गोवा आणि केरळच्या किनाऱ्यावर काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला वाळवीपासून वाचवण्यासाठी परंपरेने वापरले जाते. ते त्वचा भाजते, त्यामुळे हातमोज्यांविना हाताळू नये.

जवसाच्या तेलाचे फडके हा या कामातील दुर्लक्षित धोका आहे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषते आणि उष्णता बाहेर टाकते. फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता साठून कोणत्याही ठिणगीविना आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी.

धुळीची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवत असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या घटकांत, समाविष्ट केली. नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग हा यातील प्रमुख आजार. सागाच्या धुळीतील काही द्रव्यांमुळे अनेक कारागिरांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. जुन्या तुळईच्या धुळीत याशिवाय बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, कीटकनाशके आणि शिसेही असू शकते. हाताच्या रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या जमिनीवर पडतात. यंत्रातून निघणारी बारीक धूळ मात्र तासन् तास हवेत तरंगते. कामाचा वेग वाढला, तसा श्वासातून जाणाऱ्या धुळीचा धोकाही वाढला, तो असा.

तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क ही किमान गरज आहे. शिशाचा किंवा विषारी प्रक्रियेचा संशय असेल, तर काम थांबवून तपासणी करणे हाच उपाय. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने वाहील अशा रीतीने करावे. शक्य तेथे यंत्रालाच धूळ ओढणारी नळी जोडावी. कामाचे कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांसोबत धुऊ नयेत.

उडालेली तार कपड्यातून आरपार जाऊन त्वचेत रुतते. म्हणून चष्म्यावर पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, जाड कापडाचा किंवा चामड्याचा अंगरखा आणि बंद बूट आवश्यक. सैल बाह्या, उपरणे, ओढणी आणि मोकळे केस फिरत्या ब्रशपासून दूर हवेत. यंत्राचे संरक्षक कवच काढून टाकण्याची सवय कार्यशाळांमध्ये सर्रास दिसते. ते कवच त्याच हातांसाठी बनवलेले असते. विजेच्या जोडणीला भूसंपर्क आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच असावा. खिळ्यावर घासून उडालेली ठिणगी भुशात धुमसत राहते. त्यामुळे काम संपल्यावर जागा झाडून, भुसा बाहेर काढून आणि किमान तासभर लक्ष ठेवूनच कुलूप लावावे.

ही साधने कुणी पुरवायची, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. रोजंदारीवरचा कारागीर आपल्या पैशांनी मास्क घेत नाही, ठेकेदार तो हिशेबात धरत नाही आणि ग्राहकाला तयार तुळईच दिसते. काम देतानाच मास्क, चेहऱ्याची ढाल आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राचे भाडे दरपत्रकात स्वतंत्र लिहून मागणे ग्राहकाच्या हाती आहे. त्याच वेळी दोन अटी घालता येतात : वीतभर नमुना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि तासणीच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत.

एक तुळई तयार होण्यासाठी झाडाला अनेक दशके लागली, घरात तिने आणखी काही पिढ्या काढल्या. या साऱ्या काळाची खूण तिच्या पृष्ठभागावरील केशभर जाडीच्या थरात शिल्लक असते. खिळे काढून, माती झटकून, मऊ झालेला भाग तेवढा उतरवून आणि तेलाचा हात देऊन तो थर पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो. त्यापुढे यंत्राने केलेली प्रत्येक फेरी लाकडाचे वय कमी करणारी आणि ते चालवणाऱ्याच्या श्वासात थोडी अधिक धूळ घालणारीच असते.